अण्णा दुभाष्यांचा मावसभाऊ

अण्णा दुभाष्यांचा मावसभाऊ बेळगावात कुणी पाहिलेला नव्हता, पण त्याचं पोट कशानं बिघडतं आणि त्याला कोणतं तेल सोसतं हे अर्ध्या गावाला ठाऊक होतं. हा मावसभाऊ निपाणीला असे. नाव दत्तू. तंबाखूच्या वखारीत कामाला असल्यामुळे त्याला खोकला असे, लग्न न झाल्यामुळे जेवणाची आबाळ असे, आणि या दोन्हींतून जे काही उद्भवेल त्याबद्दल अण्णा भेटेल त्याला विचारत. वैद्याला विचारत, हकिमाला विचारत, पोस्टात टपालावर शिक्के मारता मारता होमिओपॅथीच्या गोळ्या वाटणाऱ्या एका गृहस्थांना विचारत. देवळाच्या पायरीवर, मंडईत, कोर्टाच्या आवारात चिंचेखाली. लोकही हौसेनं सांगत. फुकट सल्ला द्यायला आपल्या लोकांना रोगी समोर लागतोच असं नाही. या दत्तूइतका सल्ला जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल.

अण्णांचं खरं नाव वासुदेव. जिल्हा कोर्टात ते दुभाष्याचं काम करत, म्हणून अण्णा दुभाषे. आमच्या कोर्टात साक्षीदार कानडी, वकील मराठी आणि न्यायाधीश इंग्रजी अशी व्यवस्था होती, आणि या तिघांच्या मधोमध अण्णा उभे असत. अंगात खांद्यावर हिरवट पडलेला काळा कोट, डोक्याला काळी टोपी, हातात छत्री. छत्री ते कोर्टातही खाली ठेवत नसत. साक्षीदाराचं बोलणं संपलं की क्षणभर डोळे मिटायचे, मग उघडून एका सुरात सगळं दुसऱ्या भाषेत सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, "असं त्याचं म्हणणं." ही त्यांची सवय इतकी मुरली होती की भाजीवाली वांगी महाग झाल्याचं सांगे तेव्हाही घरमालकिणीपाशी ती बातमी पोचवताना अण्णा शेवटी "असं तिचं म्हणणं" जोडत.

मी तेव्हा नवा वकील होतो आणि कामं नसल्यामुळे दुसऱ्यांची कामं ऐकत बसे. एकदा नंदगडकडचा एक म्हातारा शेतकरी साक्षीला उभा होता. दुपारची वेळ, साहेब जेवून आलेले. म्हातारा थोडा वेळ बोलला आणि मध्येच थांबून कानडीत म्हणाला की या साहेबाला झोप आलीय, त्याला आधी निजू दे, मी उद्या येतो. ज्यांना कानडी येत होती त्यांनी श्वास रोखला. अण्णांनी डोळे मिटले, उघडले आणि तेच वाक्य, ना कमी ना जास्त, नितळ इंग्रजीत साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. असं त्याचं म्हणणं. साहेब ताडकन जागे झाले आणि काम दुसऱ्या दिवसावर गेलं. नंतर एका ज्येष्ठ वकिलांनी अण्णांना बाजूला घेऊन विचारलं की एवढं वाक्य गाळलं असतं तर काय बिघडलं असतं. अण्णा म्हणाले, "भर घालायची नाही, गाळायचं नाही. नाहीतर मी कशाला हवा?"

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. पुढे त्याची भीती वाटायला लागली.

शहापुरात एका विणकराच्या घरी माडीवरच्या खोलीत ते राहत. खाली माग चालत आणि त्यांच्या खटखटाटात अण्णा निवांत वाचत पडत. अमावास्येला माग बंद असले की मात्र त्यांना चैन पडत नसे, उगाच फिरायला बाहेर पडत. लग्न केलं नव्हतं. स्थळं येत, कारण सरकारी नोकरी. आलेल्या माणसाचं सगळं ऐकून घेऊन अण्णा विचारत, "आणि मुलीचं म्हणणं काय?" त्या काळात हे कुणी मुलीला विचारलेलं नसे, त्यामुळे पाहुणे गोंधळून जात आणि विषय तिथेच संपे. शनिवारी कोर्ट लवकर सुटलं की अण्णा थेट मोटारस्टँडवर जात आणि निपाणीची गाडी धरत. हातात दत्तूसाठी काहीतरी असे. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं, कपड्यांना तंबाखूचा वास घेऊन, ते परत कोर्टात हजर.

एका वर्षी त्यांचं विचारणं बदललं. आधी खोकला, पोट, गुडघे या गोष्टी ते चारचौघांत मोठ्यानं विचारत. आता कानाशी विचारू लागले. दत्तूला कुठेशी एक फोड आला होता, दुखत नव्हता, आपोआप गेला. ज्या वैद्याचा लेप त्या वेळी चालू होता त्यानं श्रेय घेतलं. मग काही महिन्यांनी दत्तूच्या तळहातांवर तांबूस ठिपके आले. केस झुबक्याझुबक्यानं गळू लागले. अण्णा वाचनालयात बसून वर्तमानपत्रांतल्या गुप्तरोगांच्या जाहिराती वाचत आणि वाचून झाल्यावर हात धुवावेत तसे पंच्यानं बोटं पुसत.

माझ्याकडे काकांची इंग्रजी पुस्तकं होती आणि त्यांत एक जाडजूड वैद्यकाचं होतं. अण्णांनी ते मागून नेलं. पंधरवड्यानं परत आणलं तेव्हा चेहरा ओढलेला होता. म्हणाले, रोग यात आहे. ठिपके आहेत, केस आहेत, सगळं जसंच्या तसं आहे. पण तो होतो कसा हे जिथे जिथे लिहिलंय तिथे तिथे बाई आहे. वाईट बाई, बाजारची बाई, नाहीतर नवऱ्याकडून बायको. बाईशिवाय एक ओळ नाही.

मला वाटलं, अण्णा स्त्रीजातीची बाजू घेताहेत. ग्रंथकार जुन्या वळणाचे असतात, असं काहीसं मी बोललो. अण्णांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि छत्री उचलली.

त्या सुमारास डॉक्टर हुक्केरीकरांना रावबहादूर ही पदवी मिळाली आणि त्यांचं व्याख्यान ठरलं. हुक्केरीकर हे आमच्या गावचं भूषण होतं. ते नाडी बघण्याआधी घड्याळ बघत, कारण घड्याळ सोन्याचं होतं. व्याख्यानाचा विषय 'तरुणांचं आरोग्य आणि सदाचार' असा होता. सभागृह भरलं होतं. समोर निम्मे लोक साठीच्या पुढचे होते. व्याख्यान झालं, हार झाले, आणि अध्यक्षांनी कुणाला काही शंका असल्यास विचारावी असं म्हटलं. हे म्हणायची पद्धत होती, विचारायची नव्हती. अण्णा उठले.

कोर्टात उभे राहत तसे उभे राहिले, छत्री हातात. डोळे मिटले, उघडले. निपाणीला आपला एक मावसभाऊ आहे, इथपर्यंत आले आणि सभागृहात खसखस पिकली. दत्तू सगळ्यांना माहीत होता. अण्णांनी हशा संपू दिला आणि लक्षणं सांगितली, एकेक, क्रमानं. हुक्केरीकर गंभीर झाले. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले की हा रोग सभ्य लोकांत नाव घेण्यासारखा नव्हे, पण विचारलंच आहे तर सांगतो. "बाई कोण?"

"बाई नाही," अण्णा म्हणाले.

"कधीच नाही?"

"जन्मात नाही. हे मी शपथेवर सांगतो."

हुक्केरीकरांचा चेहरा खुलला. त्यांनी चष्मा परत लावला आणि अण्णांना सोडून सभेकडे वळले. सभ्य गृहस्थहो, म्हणाले, हेच मी गेला तासभर सांगतो आहे. जिथे स्त्रीसंग नाही तिथे हा रोग नाही. पाऊस पडल्याशिवाय कुणी भिजत नाही. या दत्तोपंतांसारखा निष्कलंक ब्रह्मचारी केवळ उष्णतेनं हैराण आहे. गंधकाचं मलम लावा, दूध-तूप वाढवा आणि निर्धास्त असा. टाळ्या पडल्या. दत्तूसाठी पडल्या. माझ्या शेजारी बसलेले एक निवृत्त मामलेदार पाणावलेल्या डोळ्यांनी म्हणाले की असे तरुण आता राहिले नाहीत.

अण्णा जे हसले ते मी कधीच विसरणार नाही. त्यांना मी आधी हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण हे हसणं वेगळं होतं. ओझं उतरून ठेवल्यावर हमालाचे खांदे सैल पडतात तसे त्यांचे खांदे खाली आले. सभागृहातून बाहेर पडल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि मिठाईच्या दुकानात नेलं. दत्तूसाठी कुंदा घेतला, चांगला मोठा पुडा, आणि माझ्या हातावरही थोडा ठेवला. म्हणाले, काही नाही म्हणतात. उष्णता आहे म्हणतात. एवढा मोठा माणूस, खोटं कशाला सांगेल?

काही दिवसांत ठिपके खरंच गेले. हा रोग असाच वागतो, आपण होऊन दडून बसतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा श्रेय गंधकाला गेलं आणि अण्णांनी रावबहादुरांना शाल-नारळ दिला.

मध्ये काही वर्षं गेली. युद्ध सुरू झालं, गाड्या पेट्रोलऐवजी कोळशाच्या धुरावर चालू लागल्या आणि संकेश्वरच्या चढाला उतारूंना उतरून ढकलाव्या लागू लागल्या. अण्णा तशाही गाडीनं दर शनिवारी जातच होते. एका वखारीच्या वाटणीचा तंटा माझ्याकडे आला आणि जागा बघायला मी निपाणीला गेलो. काम आटोपलं, गाडीला वेळ होता. म्हटलं, ज्याच्या पोटाची खडान्‌खडा माहिती आहे त्याचं तोंड तरी बघून जावं.

वखारींमागच्या गल्लीत दत्तू कुणाला माहीत नव्हता. दत्तू, वासुदेवरावांचा मावसभाऊ, तंबाखूवाला, ब्राह्मणाचा मुलगा, असं मी विचारत होतो. लोक डोकं हलवत. शेवटी कोपऱ्यावर एक बाई तंबाखूची पानं निवडत बसली होती, काशव्वा म्हणून, तिला मी अण्णांचं वर्णन सांगितलं. काळा कोट, छत्री.

"अगं बया, अण्णा व्हय," ती म्हणाली. "मग दत्तू काय म्हनताय? मल्लाप्पाकडं येत्यात की ते. ते काय, त्या दारात बसलाय बघा."

दारात एक थोराड माणूस बसला होता. भरघोस पांढुरक्या मिशा, हातांची बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. लिंगायताच्या गळ्यातली ती डबी आणि अण्णांचं जानवं एका मावशीच्या नात्यात बसवायला ब्रह्मदेवाला जड गेलं असतं. मी नाव सांगितल्याबरोबर तो उठला, आणि उठताना धापा टाकू लागला.

"या, या वकीलसाब. तुमचं लई ऐकलंय. तुमचं ते पुस्तक आनलंतं अण्णांनी." त्याचा आवाज घोगरा होता, घशात कुणी मूठ धरल्यासारखा. हा कोण म्हणून मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो हसला. "मीच की तेंचा मावसभाऊ."

मी आत गेलो. एक खोली. खुंटीवर अण्णांचं धोतर वाळत होतं, काठ मी ओळखला. फळीवर तंबाखू तोलायच्या काट्याशेजारी इंग्रजी कोश. एक रुंद बाज, एक समई, दोन पाट. मल्लाप्पानं गूळ आणि पाणी दिलं आणि अण्णांची चौकशी इतक्या बारकाईनं केली की घरच्या माणसानंही केली नसती. कोट नवा शिवला का, दात दुखत होता तो काढला का. मध्येच छातीवर हात दाबून तो थांबे. मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही. आपण दोन देशांचं वाङ्मय वाचलेलं आहे असा माझा समज होता, आणि त्या खोलीत मला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

परत जाताना काशव्वानं मला हाक मारली. माझा चेहरा तिला काहीतरी सांगून गेला असावा. ती पानं निवडता निवडताच बोलली. "आमाला काय ठाऊक न्हाय असं वाटलं व्हय तुमाला? शनवारी दोन भाकऱ्या जास्तीच्या थापतो मी. पर त्येची छाती बगा की जरा. मी म्हनलं तेला, बाई न्हाय, बाटली न्हाय, मग ह्यो आईचाच कोप हाय. यल्लमाला जा, वटी भर. अण्णा नगं म्हनत्यात. त्यांचा डाक्टर म्हनला म्हनं, बाईच न्हाय तर रोग कुठला."

मी गाडीत बसलो आणि कोगनोळीकडून आलेला वारा अंगावर घेत राहिलो. सोन्याच्या घड्याळाचे रावबहादूर आणि पानं निवडणारी काशव्वा एकाच सिद्धान्तावर येऊन पोचले होते. फरक एवढाच की काशव्वाला निदान काहीतरी करावंसं वाटत होतं. आणि अण्णांनी सभेत शपथेवर सांगितलेलं अक्षरन्‌अक्षर खरं होतं. साक्षीदाराचं नाव त्यांनी बदललं होतं, जबानी नव्हती बदलली. एक खोटी बाई उभी केली असती, कुठली तरी, नाव-गाव नसलेली, तर त्याच दिवशी खरं औषध सुरू झालं असतं. दुसऱ्या कुणीही ती उभी केली असती. अण्णांना भर घालता येत नव्हती.

मी अण्णांना सांगितलं की मी दत्तूला भेटून आलो. त्यांचा हात छत्रीच्या मुठीवर आवळला. मी फक्त म्हणालो की त्याची छाती मला ठीक दिसली नाही, मिशनच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत, माझ्या एका पक्षकाराची मोटार मिळेल. अण्णांनी मूठ हळूहळू सैल केली. मग म्हणाले, "रविवारी चालेल."

त्या बाई मराठीच होत्या, ख्रिस्ती, चाळिशीच्या, आखूड केसांच्या, आणि घाईत. मी बाहेर बाकावर बसलो होतो. मध्ये अर्धा पडदा होता. बाई मल्लाप्पाला विचारत आणि उत्तर अण्णा देत. असं त्याचं म्हणणं, असं त्याचं म्हणणं. शेवटी बाईंनी विचारलं की यांना मराठी येत नाही का.

"येतंय की," मल्लाप्पा म्हणाला. "पर बोलायचं काम त्यांचं हाय."

बाईंनी छाती तपासली, डोळ्यांत उजेड पाडून बघितला, तळहात उलटे करून बघितले. आवाजाबद्दल विचारलं. जुने ठिपके, जुना फोड, सगळं विचारलं. आता त्या विचारतील, बाई कोण, म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी ते विचारलं नाही. त्यांनी मल्लाप्पाला विचारलं की घरात कोण कोण असतं.

"मी असतो," मल्लाप्पा म्हणाला. "आनि शनवारी अण्णा."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग बाई म्हणाल्या, "तुम्ही कोट काढा."

"मी रोगी नाही," अण्णा म्हणाले. "मी यांच्याबरोबर आलोय."

"म्हणूनच म्हणते. कोट काढा, बाही वर करा. रक्त तुमचंही बघायला हवं."

पडद्याखालून मला छत्री दिसत होती. ती पहिल्यांदा जमिनीवर टेकवलेली दिसली, मग भिंतीला लावलेली. अण्णांनी जे विचारलं ते विचारायला त्यांना फार वेळ लागला. "मला... मलाही असेल?"

इतक्या वर्षांत दुखण्याच्या बाबतीत 'मला' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

बाईंनी सांगितलं ते मास्तरीण गणित सांगते तशा सुरात. हा रोग माणसाकडून माणसाला जातो. बाई आहे की पुरुष, हे तो बघत नाही. फोड गेला म्हणजे रोग गेला असं नाही, तो आत उतरतो. एकाला सुया देऊन भागत नाही, दोघांना द्याव्या लागतात. यांच्या छातीतली मोठी शीर फुगली आहे, तिथे आता बेतानं वागायला हवं. आणि मग त्यांनी विचारलं की इतकी वर्षं कुणाला दाखवलं का नाही.

"विचारलं होतं," अण्णा म्हणाले. "बाई नाही असं सांगितलं. तेव्हा, मग काही नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवल्याचा आवाज मी ऐकला. एका गंधकाच्या मलमावर टाळ्या वाजवणाऱ्या सभेत मी बसलो होतो आणि माझ्या हातावर कुंदा ठेवला गेला होता. आणि तो मी खाल्लाही होता.

सोमलाच्या सुया, तेव्हा या रोगावर त्याच देत, दोघांनाही सुरू झाल्या. अण्णा रविवारी मल्लाप्पाला घेऊन जात आणि सोमवारी कोर्टात एका हातानं छत्री धरत, कारण दुसरा दंड सुजलेला असे. अण्णांना गुण आला. मल्लाप्पाला उशीर झाला होता. वखारीच्या दारात, पोतं उचलायला वाकला असता, तो एकदम कोसळला आणि गेला.

मातीला मी गेलो होतो. मल्लाप्पाचे पुतणे पुढे होते. अण्णा मागे, लोकांच्या कडेला, कोर्टात बिनकामाचा साक्षीदार उभा राहतो तसे. त्यांना तिथे काही नातं नव्हतं. पुतण्यांची माती घालून झाली तेव्हा काशव्वा गर्दीतून पुढे आली, तिनं अण्णांचं मनगट धरलं आणि ओढतच खड्ड्यापाशी नेलं. "घाला की, अण्णा," म्हणाली. "तुमी घातल्याबिगर कसं?" पुतण्यांनी वाट दिली.

बेळगावात अण्णांनी सांगितलं, मावसभाऊ गेला. गाव हळहळलं. इतकी वर्षं ज्याची तब्येत सगळ्यांनी मिळून सांभाळली तो गेला, म्हटल्यावर लोक शहापुरात माडीवर भेटायला येऊ लागले. अण्णा घोंगडीवर बसलेले, दाढी वाढलेली. घरमालकांचे भटजी येऊन सांगून गेले की मावसभावाचं सुतक दीड दिवसाचं, ते केव्हाच फिटलं. अण्णा म्हणाले, ठाऊक आहे. आणि दहा दिवस तसेच बसले. काय माया म्हणायची, असं लोक जिना उतरताना बोलत. खाली विणकरानं, कुणी न सांगता, माग बंद ठेवले होते.

अशात एक दिवस डॉक्टर हुक्केरीकर आले. खोलीत आठ-दहा माणसं होती, त्यांनी सरकून रावबहादुरांना खुर्ची दिली. त्यांनी घड्याळ बघितलं, दोन शब्द सांत्वनाचे बोलले, आणि मग विचारलं की शेवटी कशानं गेले दत्तोपंत.

अण्णांनी डोळे मिटले, उघडले. "उपदंशानं."

हा शब्द चारचौघांत उच्चारायचा नसतो. कुणाच्या तरी हातातला तांब्या भांड्यावर आपटला. हुक्केरीकर खुर्चीत ताठ झाले आणि म्हणाले की हे शक्य नाही, आणि असलंच तर तुमच्या मावसभावानं तुमच्यापासून लपवलं. कुठे तरी बाई असणारच.

"बाई नव्हती," अण्णा म्हणाले. "मी तुम्हाला शपथेवर सांगितलं होतं, रावबहादूर. दत्तू नव्हता, मल्लाप्पा होता. मावसभाऊ नव्हता. बाईही नव्हती. मी होतो."

त्यांचा आवाज चढला नाही, पडलाही नाही. ही जबानी त्यांनी स्वतःची दिली आणि शेवटी नेहमीचे तीन शब्द जोडले नाहीत. ते तीन शब्द यायची वाट बघत आम्ही सगळे थांबून राहिलो. खोलीतल्या प्रत्येकाला जे कळायचं ते कळलं आणि प्रत्येकाला एकाच वेळी आपल्या चपला आठवल्या. हुक्केरीकर सर्वांत आधी उठले. जिन्यात त्यांची काठी दोनदा घसरली. मी खिडकीशी भिंतीला टेकून उभा होतो तो तिथेच राहिलो. हादरलो होतो खरा, पण कशानं ते आजही नेमकं सांगता येणार नाही: त्यांनी ते सांगितलं यानं, की इतक्या साध्या चार वाक्यांअभावी एक माणूस गेला यानं.

पुढे काही घरांतून अण्णांचं जाणं-येणं तुटलं. कोर्टातून काढायचं कुणीतरी बोलून पाहिलं. पण दोन्ही भाषांत इतकं सरळ सांगणारा दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता, आणि न्याय देणाऱ्यांना कधीकधी सरळ ऐकावं लागतं. घरमालकिणीनं खोली सोडायला सांगितली नाही. एवढंच नाही, तिनं विचारलं की शनिवारी आता बरोबर न्यायला डबा लागेल का.

लागला. अण्णा निपाणीला जातच राहिले. ती खोली त्यांनी ठेवली होती. मला वाटे, ते तिथे नुसते बसून येत असतील.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते इंग्रजांचा झेंडा उतरला त्याच्या थोडं नंतर. मी बेळगाव सोडून निघालो होतो, ट्रंका मोटारीच्या टपावर चढत होत्या. स्टँडच्या बाकावर अण्णा निपाणीच्या गाडीची वाट बघत बसले होते. कोट तोच, हिरवट रंग आता पाठीपर्यंत उतरलेला. मी जाऊन निरोप घ्यावा म्हणून निघालो आणि थांबलो, कारण एक तरणा गडी त्यांच्याजवळ घुटमळत होता. चांगल्या घरचा दिसत होता, जरीकाठी पटका, बोटात अंगठी. दोनदा पुढे आला, दोनदा मागे गेला. मग बाकाच्या टोकाला टेकून, रस्त्याकडे बघत म्हणाला, "अण्णा तुमीच न्हवं? काशव्वानं सांगितलंतं. माझा एक मावसभाऊ हाय..."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बाकावरची छत्री उचलून मांडीवर घेतली आणि त्याला नीट बसायला जागा केली.

"बसा," म्हणाले. "काय म्हणणं आहे त्याचं?"